डब्ल्यू १२४: चकती किमान खुणेवर असूनही कडेच्या व्हेंटमधून गरम हवा का येते?

एप्रिलच्या दुपारी एसी पूर्ण जोरात चालू आहे, तापमानाच्या दोन्ही चकत्या किमान खुणेवर आहेत, मधल्या व्हेंटमधून चांगली गार हवा येत आहे, आणि तरीही डॅशबोर्डच्या दोन टोकांच्या व्हेंटपाशी हात धरला की कोमट, कधी चक्क गरम झोत लागतो. मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू १२४ मालिकेची गाडी सांभाळणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही. गॅरेजमध्ये तिचे उत्तर बहुधा ‘गॅस कमी झालाय’ असे मिळते. गॅस भरला जातो, आठवडाभर बरे वाटते, कारण मधली हवा आणखी गार झालेली असते, आणि मग कडेच्या व्हेंटचे रडगाणे पुन्हा सुरू होते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गॅस. या चक्रातून बाहेर पडायचे असेल तर दोष एसीचा नसून हीटरचा आहे, हे आधी पटले पाहिजे. ज्या गावात हीटर वर्षातून चार दिवसही लागत नाही तिथे ही गोष्ट पटणे अवघड जाते.

ही मालिका १९८४ च्या अखेरीस जर्मनीत आली आणि १९९५ पासून तिची जुळणी पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला, तेव्हाच्या टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात होऊ लागली, त्यामुळे महाराष्ट्रात तिचे जुने मालक आणि तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक आजही भेटतात. कायद्याने विंटेज म्हणवून घ्यायला आपल्याकडे ५० वर्षे पुरी व्हावी लागतात, तेव्हा ही गाडी कागदोपत्री अजून तरुणच आहे. मात्र तिच्यातील रबराला तो नियम माहीत नाही. पुढचे विवेचन ज्या गाड्यांत चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्यासाठी दोन स्वतंत्र तापमान-चकत्या आहेत, त्या गाड्यांपुरते आहे.

आधी रचना समजून घेऊ. बाहेरून आत आलेली हवा प्रथम एसीच्या कूलिंग कॉइलमधून जाते आणि त्यानंतर तिचा मोठा हिस्सा हीटर कोरमधून, म्हणजे इंजिनाचे गरम पाणी फिरणाऱ्या छोट्या रेडिएटरमधून जातो. हवा हीटर कोरला टाळून जावी म्हणून झडप हलवण्याची पद्धत अनेक गाड्यांत असते. इथे मात्र हवेला हात न लावता कोरमध्ये किती पाणी सोडायचे यावरच तापमान ठरते. मधल्या व्हेंटचा मार्ग तेवढा वेगळा आहे: त्यांतून हीटरने तापवलेली हवा येतच नाही. म्हणूनच मधली हवा गार आणि कडेची गरम, ही जोडी दिसली की गॅस निर्दोष आहे असे समजावे. कूलिंग कॉइल सर्व हवेला एकच आहे. गॅस खरोखर कमी असता तर मधली हवाही तितकीच कोमट झाली असती. स्वयंपाकघरातील सुईचा थर्मामीटर दोन्ही ठिकाणी पाच-पाच मिनिटे धरून पाहावा. मध्ये दहा-बारा अंश आणि कडेला तिशीच्या पुढे असे काही दिसले, तर एसीच्या माणसाला परत पाठवून बॉनेट उघडावे.

कोरमध्ये जाणारे पाणी रोखण्याचे काम बॉशने बनवलेला एक विजेवर चालणारा व्हॉल्व्ह करतो. एकाच घरात दोन व्हॉल्व्ह, एक डाव्या आणि एक उजव्या बाजूसाठी, म्हणून त्याला ड्युओव्हॉल्व्ह म्हणतात. तो बॉनेटखाली फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या बाजूला, हीटरच्या रबरी होज जिथे एकत्र येतात तिथे सापडतो. जुन्या गाड्यांत हीटरचा कॉक तारेने ओढला जाई आणि जिथे सोडला तिथे राही. आपल्याकडच्या पुष्कळ मिस्त्रींच्या मनात तेच चित्र असते आणि चुकीची सुरुवात तिथूनच होते. इथे स्प्रिंग व्हॉल्व्हला कायम उघडा ठेवते आणि व्हॉल्व्हमधल्या विद्युतचुंबकाच्या कॉइलला (ही एसीच्या कूलिंग कॉइलहून वेगळी) वीज मिळाली तरच तो बंद होतो. म्हणजे चकती किमान खुणेवर असताना कॉइलला सतत वीज मिळत असते, कमाल खुणेवर ती पूर्ण तुटलेली असते, आणि मधल्या खुणांवर कंट्रोल युनिट, म्हणजे चकती आणि केबिनमधला तापमान-सेन्सर पाहून ही वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, थोड्या-थोड्या वेळाने व्हॉल्व्ह उघडत आणि मिटत राहते. बिघडला तर गरम करूनच बिघडेल, अशी ही योजना आहे. जिथे हिवाळ्यात काचेवर बर्फ धरतो त्या देशात ती शहाणपणाची, आणि विदर्भात मे महिन्यात ती शिक्षा.

एकदा हे ध्यानात आले की संशयितांची यादी आपोआप लहान होते. फ्यूज गेला, वायर तुटली, कॉइल जळाली, कंट्रोल युनिटमधला ट्रान्झिस्टर गेला, सेन्सरची वायर सुटली किंवा व्हॉल्व्हच्या आत कचरा अडकला, तर या सर्वांचे लक्षण एकच: गरम हवा. म्हणून लक्षणावरून भाग बदलणे म्हणजे अंधारात दगड मारणे. नवा व्हॉल्व्ह बसवूनही दोष राहिला, किंवा सहा महिन्यांनी परतला, अशा ज्या गाड्या माझ्या पाहण्यात आल्या, त्यांतील बहुतेकांत व्हॉल्व्ह तपासल्याविनाच बदललेला होता.

हाताने करायची पहिली परीक्षा

इंजिन चांगले तापू द्यावे, दोन्ही चकत्या किमान खुणेवर ठेवाव्यात, ब्लोअर मध्यम वेगाने चालू ठेवावा आणि दहा मिनिटे थांबावे. मग व्हॉल्व्हच्या इंजिनाकडील होजला आणि हीटर कोरकडे जाणाऱ्या दोन होजना हाताने स्पर्श करून पाहावे; इंजिन चालू असताना पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ हात नेऊ नये, आणि बाही व गळ्यातील उपरणे यांची काळजी घ्यावी, हे सांगायला नकोच. इंजिनाकडील होज हात टिकणार नाही इतकी गरम असणारच. कोरकडील दोन्ही होज या वेळेपर्यंत कोमट व्हायला हव्यात. एकच गरम राहिली तर दोष त्याच बाजूच्या व्हॉल्व्हमध्ये, त्याच्या वायरमध्ये किंवा कंट्रोल युनिटच्या त्याच अर्ध्या भागात आहे. दोन्ही गरम राहिल्या तर आधी सामाईक गोष्टींकडे, म्हणजे फ्यूज, पुरवठ्याची वायर आणि कनेक्टर यांच्याकडे पाहावे. दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह एकाच दिवशी निकामी होणे अशक्य नसले तरी विरळा आहे.

यानंतर व्हॉल्व्हचा कनेक्टर काढावा. त्यात तीन पिना असतात: एक दोन्ही कॉइलना सामाईक आणि एकेक प्रत्येक कॉइलची. इग्निशन बंद ठेवून मल्टिमीटरने सामाईक पिनेपासून दोन्ही कॉइलचा रोध मोजावा. नेमक्या आकड्यापेक्षा दोन्ही वाचने एकमेकांशी जुळतात का, हे अधिक महत्त्वाचे. निरोगी कॉइल साधारण दहा ते वीस ओमच्या पट्ट्यात वाचतात. एक वाचन अनंत आले तर ती कॉइल तुटलेली आहे. एक वाचन दुसऱ्याच्या निम्म्यावर आले तर ती आतून शॉर्ट होत आहे, आणि ही अवस्था तुटण्यापेक्षा वाईट समजावी, कारण शॉर्ट कॉइल जास्त प्रवाह ओढते आणि आपल्याबरोबर कंट्रोल युनिटलाही नेते.

आता या सगळ्या तपासणीचा कणा असलेली चाचणी. कनेक्टर निघालेलाच असू द्यावा आणि मध्ये छोटा फ्यूज असलेल्या दोन वायरींनी बॅटरीचे १२ व्होल्ट थेट एका कॉइलला द्यावेत. व्हॉल्व्हमधून स्पष्ट ‘टक्’ ऐकू यायला हवे आणि बोटाला जाणवायलाही हवे. वीज तशीच जोडून ठेवून ब्लोअर चालू ठेवावा आणि त्या बाजूची होज गार होते का ते पाहावे. कॉइल सतत वीज सोसण्यासाठीच बनवलेली असल्याने पाच-दहा मिनिटांनी तिला काही होत नाही. ‘टक्’ आले आणि होजही गार झाली, तर व्हॉल्व्ह धडधाकट आहे आणि दोष त्याच्यापर्यंत वीज पोहोचवणाऱ्या साखळीत आहे. ‘टक्’ आले पण होज गरमच राहिली, तर वीज ठीक असून व्हॉल्व्ह नीट मिटत नाही: आतली रबरी पडदी फाटली आहे किंवा बसण्याच्या कडेवर क्षार साचला आहे. ‘टक्’च आले नाही आणि रोध मात्र बरोबर होता, तर आतला दांडा गंजून अडकला आहे. एका मीटरभर वायरीने मिळणारे हे उत्तर आहे. तरी व्हॉल्व्ह मागवण्यापूर्वी ही चाचणी करणारे गॅरेज मला फार थोड्या वेळा भेटले.

व्हॉल्व्ह उघडताना

व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे. गरम असताना कूलंटच्या टाकीचे झाकण उघडल्याने हात आणि चेहरा भाजल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजमध्ये सांगायला असतात. सांडलेला कूलंट तसाच सोडू नये. त्यातील ग्लायकॉल चवीला गोड आणि प्राण्यांना विषारी असते, आणि गॅरेजच्या दारातली कुत्री ते चाटतात. वरचे स्क्रू काढून कॉइलचा भाग उचलला की स्प्रिंग, दांडा आणि पडदी दिसते. पडदीवरची चीर नेहमी ठळक नसते. बोटांनी हलकेच ताणून, उजेडासमोर धरून पाहावी. काही व्हॉल्व्हसाठी आतला संच सुटा मिळतो, काहींसाठी अख्खा व्हॉल्व्ह घ्यावा लागतो. दोन्हींपैकी काहीही घेताना मूळ बनावटीचा घ्यावा, कारण नाव नसलेल्या नकलांमधील रबर कडक असते आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याचा आकार बदलतो. बसवण्यापूर्वी टेबलावरच तपासणी करता येते: स्वच्छ धुतलेल्या व्हॉल्व्हला लांब रबरी नळी लावून फुंकावे, हवा आरपार जायला हवी, आणि १२ व्होल्ट देताच अडायला हवी. व्हॉल्व्हला थेट तोंड लावू नये. कारण वर सांगितलेच आहे.

पडदी फाटण्याची खरी अडचण गरम हवेपुरती नाही. पडदी पाण्याला कॉइलच्या कप्प्यापासून दूर ठेवते. ती फाटली की पाणी वर चढते, दांडा गंजतो, कॉइलच्या तारेवरचा लेप कुजतो, रोध उतरू लागतो आणि एके दिवशी कंट्रोल युनिटचा ट्रान्झिस्टर जळतो. मग नवा व्हॉल्व्ह आणूनही हवा गरमच, कारण त्याला बंद हो म्हणून सांगणारेच कोणी उरलेले नसते. उलट क्रमही घडतो: जळालेले युनिट बदलले, पण शॉर्ट कॉइल तशीच ठेवली, आणि नवे युनिटही त्याच वाटेने गेले. म्हणून या दोन भागांपैकी एक बदलण्याआधी दुसरा मोजून घेणे ही काटकसर आहे.

वीज पोहोचत नसेल तर

व्हॉल्व्ह निर्दोष ठरल्यावर कनेक्टरवरच, इग्निशन चालू करून, सामाईक पिन आणि प्रत्येक कॉइलच्या पिनेमधील व्होल्टेज मोजावे. चकती किमान खुणेवर असताना ते बॅटरीच्या जवळपास स्थिर राहावे, कमाल खुणेवर शून्य व्हावे. मधल्या खुणेवर ते येत-जात राहते आणि इथे डिजिटल मल्टिमीटर गोंधळवतो. काटा हलणारा जुना मीटर हाताशी असेल तर तो वापरावा, काट्याचे डोलणे एका नजरेत कळते. व्होल्टेज दोन्हीकडे नसेल तर फ्यूज आणि पुरवठा पाहावा. जुन्या गाड्यांत फ्यूज जळालेला नसतो, पण त्याच्या टोकांवर हिरवट थर साचून संपर्क तुटलेला असतो. फ्यूज काढून, पाते घासून, पुन्हा बसवण्याला पैसे पडत नाहीत. एकाच बाजूला नसेल तर ती वायर कनेक्टरपासून युनिटपर्यंत सलग आहे का ते तपासावे, आणि ती सलग निघाली तर युनिट बाहेर काढावे. युनिटमध्ये ट्रान्झिस्टर गेलेलाच असतो असे नाही. तीस वर्षांच्या उष्णतेने आणि हादऱ्यांनी सोल्डरचे सांधे भेगाळतात. भिंगाखाली पिनेभोवती बारीक काळे वर्तुळ दिसते. असे सांधे पुन्हा तापवून दिले की युनिट बहुधा जागे होते, आणि टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा एखादा जुना कारागीर हे काम गाडीच्या गॅरेजपेक्षा नीट करतो.

सेन्सरचा दोष फसवा असतो. केबिनमधील हवेचे तापमान मोजणारा सेन्सर छतावरील दिव्याच्या घरात बसवलेला असतो आणि एक लहानसा पंखा तेथून हवा ओढून त्याच्यावरून नेतो. तापमान वाढले की या सेन्सरचा रोध घटतो. २५ अंशांच्या आसपास तो साधारण दहा किलो-ओम असावा. वायर तुटली तर रोध अनंत होतो, युनिटला वाटते केबिनमध्ये कडाक्याची थंडी आहे, आणि ते दोन्ही व्हॉल्व्ह उघडते. मात्र किमान आणि कमाल या टोकाच्या खुणांवर व्हॉल्व्हने सेन्सरकडे न पाहता मिटलेले किंवा उघडे राहायचे असते, त्यामुळे चकती टोकाला नेल्यावर हवा बरोबर आणि मध्ये ठेवल्यावर चुकीची, असे घडत असेल तर सेन्सरवर बोट ठेवावे. पंखा चालतो का हे पाहण्यासाठी टिश्यू पेपरचा तुकडा दिव्याच्या घरावरील फटींपाशी धरावा. तो चिकटून राहिला पाहिजे. पंखा बंद पडला असेल तर सेन्सर केबिनऐवजी उन्हात तापलेल्या छताचे तापमान सांगतो, आणि गाडी विनाकारण गारठते. आपल्याकडे त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

राहिला सहायक पंप. इंजिन मंद चालत असतानाही कोरमध्ये पाणी फिरते राहावे म्हणून हीटरच्या मार्गात एक छोटा विजेचा पंप असतो. तो साधारण एक अँपिअर प्रवाह घेतो. म्हातारा झाला, त्याच्या ब्रशची धूळ साचली किंवा गाळामुळे तो जड फिरू लागला की हा आकडा वाढतो, आणि त्याचा भार ज्या युनिटवर असतो ते तापते. फ्यूजच्या जागी अँमीटर लावून मोजावे. आकडा दोनच्या पुढे गेला तर पंप उघडून साफ करावा किंवा बदलावा. तोवर त्याचा कनेक्टर काढून ठेवला तरी उष्ण प्रदेशात काही बिघडत नाही.

पाणी, आणि हीटर कापून टाकण्याचा मोह

हा बिघाड परत-परत का येतो, याचे उत्तर बहुतेक वेळा कूलंटच्या टाकीत असते. घाटात गाडी तापली म्हणून ओतलेले हॉटेलचे पाणी, उन्हाळ्यात पातळी उतरली म्हणून भरलेले बोअरचे पाणी, ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो’ असे म्हणून वगळलेला कूलंट, या सर्वांचा हिशेब व्हॉल्व्हची बारीक कड चुकती करते. कूलंट गोठण्यापासून वाचवतो हा त्याचा दुय्यम गुण समजावा. त्यातील गंजरोधक द्रव्ये अॅल्युमिनियमचे हेड, कोर आणि व्हॉल्व्ह यांना जपतात. जुने पाणी तांबूस किंवा गढूळ असेल तर नवा व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वी सायट्रिक अॅसिडच्या द्रावणाने संपूर्ण मार्ग धुवावा, साधे पाणी दोन-तीनदा फिरवून काढावे आणि मग डिस्टिल्ड वॉटर व सिलिकेटयुक्त कूलंट निम्मे-निम्मे भरावे. हा क्रम उलटा केला तर सुटलेला सारा गाळ नव्या व्हॉल्व्हच्या कडेवर जाऊन बसतो. मी तो एकदा उलटा केला आहे, आणि नवाकोरा व्हॉल्व्ह पंधरा दिवसांत उघडावा लागला आहे. भरताना दोन्ही चकत्या कमाल खुणेवर ठेवाव्यात, म्हणजे व्हॉल्व्ह उघडे राहून कोरमधली हवा निघून जाईल; ती अडकली तर हीटर कधी गरम, कधी गार वागतो आणि आपण पुन्हा सेन्सर शोधत बसतो.

गॅरेजमध्ये सुचवला जाणारा शेवटचा उपाय म्हणजे हीटर कापणे: इंजिनाच्या दोन होज एकमेकांना जोडून कोर कायमचा वगळणे. उन्हाळ्यापुरती, व्हॉल्व्ह मिळेपर्यंतची सोय म्हणून तो चालेल, मात्र होजमध्ये बोल्ट ठोकून वाट बंद करू नये, दोन टोके जोडून पाणी फिरते ठेवावे. पावसाळ्याआधी मूळ जोडणी परत करावी हे बरे. जुलैत ताम्हिणीत किंवा आंबोलीत चार माणसे ओल्या कपड्यांनी गाडीत बसली की काच आतून धुरकटते. एसी हवेतील ओल काढतो आणि हीटर तीच हवा कोमट करून काचेवर सोडतो, आणि या दोघांनी मिळून काच मिनिटभरात साफ होते. नुसत्या एसीने काच इतकी गार होते की बाहेरून बाष्प धरू लागते आणि चालक वायपरला दोष देत राहतो.

दुरुस्तीनंतर लगेच समाधान मानू नये. महिनाभर गाडी चालवल्यावर होजची तीच स्पर्श-परीक्षा पुन्हा करावी, व्हॉल्व्हच्या वरच्या सांध्याभोवती कूलंटचा पांढरट डाग दिसतो का ते पाहावे, आणि दोन्ही कॉइलचा रोध मोजून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर तारखेसह लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात कोणी गॅस भरायला निघाले तर आधी त्या आकड्यांशी ताडून पाहता येईल.